काव, पिवडी, हुरमुंजी: भिंतीवरच्या तपकिरीची गोष्ट

बैठकीच्या खोलीसाठी रंग निवडायला बसलं, की शेडकार्डावर तपकिरीच्या दहा-बारा चौकटी शेजारी-शेजारी दिसतात आणि घरात वाद सुरू होतो. ही लालसर, ती मातकट. मला विचाराल तर या वादाचं मूळ मातीत आहे.

पिवडी काय, गेरू किंवा काव काय, रंग देणारं द्रव्य एकच: लोहाचं ऑक्साइड. पिवडीत त्याच्याशी पाणी बांधलेलं असतं. ती भट्टीत साधारण ३०० अंशांपर्यंत तापवली, की पाणी निघून जातं आणि पिवळी माती तांबडी होते. सोबत मँगनीज असेल तर छटा काळपट होते. सायप्रसची अंबर माती त्यामुळेच गडद. इटलीतल्या सिएनाच्या मातीत मँगनीज कमी, म्हणून ती उबदार वाटते. शिवाय दळण! तांबडं ऑक्साइड भरड राहिलं तर जांभळट दिसतं, बारीक दळलं तर लाल.

आपल्या हुरमुंजीच्या तर नावातच परदेश आहे. होर्मुझ हे इराणजवळचं बेट, तांबड्या मातीसाठी आजही प्रसिद्ध.

कोकण, गोवा आणि कारवारच्या पट्ट्यात याच तांबड्या मातीने कावी कला घडवली. चुन्याच्या गिलाव्यावर काव चढवायची आणि ओली असतानाच अणकुचीदार हत्याराने खरवडायची, म्हणजे खालचा पांढरा चुना नक्षी होऊन वर येतो. चुना हवेतला कार्बन वायू घेऊन कडक होतो आणि रंग धरून ठेवतो. खार सोसणारे मातीचे रंग तिथे टिकतात, पुष्कळसे नाजूक रंग टिकत नाहीत.

जीर्णोद्धाराच्या नावाखाली अशा कितीतरी भिंती गेल्या. काही पाडल्या, काहींवर तपकिरी ऑइलपेंट फासला. ‘रंग तोच आहे की’, असं म्हणतात. दिसायला असेलही! पण तेलाचा पापुद्रा भिंतीतली ओल कोंडतो, चुना भुसभुशीत होतो आणि नक्षी पोपड्यांबरोबर गळून पडते. मला याचा राग येतो, कारण काव आजही स्वस्त आहे.

तुमच्या गावच्या देवळात कावीचं काम उरलं असेल, तर दुरुस्तीआधी एवढं करा. चुन्यात कालवलेल्या कावेचे तीन-चार नमुने जुन्या नक्षीशेजारी, नव्या गिलाव्याच्या तुकड्यावर लावा आणि पूर्ण वाळू द्या. ओली काव नेहमीच गडद दिसते. मग दिवसाउजेडी निवड करा, ट्यूबलाइटखाली नको.