जुन्या नाण्यांचा ऑनलाइन लिलाव : बोली लावणारा नेमका कोण?

जुनी नाणी, नोटा, टपाल तिकिटं, खेळाडूंच्या सह्या असलेल्या वस्तू यांचा लिलाव आता मोबाईलवर होतो. गावात बसून मुंबईतल्या किंवा परदेशातल्या लिलावात बोली लावता येते. फक्त समोरचा बोलीदार दिसत नाही. त्याच्या नावाच्या जागी दोन अक्षरं आणि मधे तीन चांदण्या असतात. त्यामागे खरं गिऱ्हाईक आहे, विक्रेत्याचा मेहुणा आहे की स्वतः विक्रेताच दुसऱ्या नावानं बसलाय, हे स्क्रीनकडे बघून कळत नाही.

बाजार समितीत कांद्याचा लिलाव होतो तेव्हा व्यापारी ट्रॉलीभोवती उभे असतात. कोण किती बोलला हे शेतकऱ्याला ऐकू येतं. संगनमत तिथंही होतं, पण निदान तोंडं ओळखीची असतात. त्याआधी उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरायचा, त्याला हत्ता पद्धत म्हणत. माल ज्याचा, त्यालाच भाव कळत नसे, म्हणून उघड लिलावाचा नियम आला. ऑनलाइन लिलावात आकडा उघड आहे, पण माणूस उपरण्याखाली आहे.

नाव लपवणं म्हणजे फसवणूकच असं मात्र नाही. ज्यानं लाखाचं नाणं घेतलं त्याचं नाव-गाव जाहीर झालं तर चोराला पत्ताच मिळाला. मोठा संग्राहक बोली लावतोय हे कळलं तरी भाव उगाच चढतो. २०१७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात लिओनार्दो दा विंचीच्या नावावर असलेलं चित्र ४५ कोटी डॉलरला गेलं, तेव्हाही घेणारा फोनवर होता, त्याचं नाव जाहीर केलं नव्हतं. पण अशा ठिकाणी नाव जगाला माहीत नसलं तरी लिलाव करणाऱ्या कंपनीकडे त्याची ओळख, पत्ता, बँकेचा तपशील असतो. जगापासून लपलेला बोलीदार वेगळा आणि कंपनीलाही माहीत नसलेला बोलीदार वेगळा. घोटाळे दुसऱ्या प्रकारात जास्त होतात. आणि कंपनीच सामील असेल तर पहिल्यातही होतात.

आपलाच माणूस उभा करून भाव चढवायचा ही युक्ती जुनी आहे. इंटरनेटवर ती सोपी झाली, कारण दुसरा माणूस लागतच नाही, दुसरा ईमेल पुरतो. ई-बे ही लिलावाची वेबसाईट अमेरिकेत १९९५ साली सुरू झाली आणि पाच वर्षांत पहिलं मोठं प्रकरण बाहेर आलं. मे २००० मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका वकिलानं एक जुनं चित्र २५ सेंटपासून लिलावाला लावलं. आपल्याला चित्रातलं काही कळत नाही, घरातली अडगळ काढतोय, असा त्याचा सूर होता. फोटोच्या कोपऱ्यात मात्र ‘आर. डी. ५२’ अशी अक्षरं दिसत होती. रिचर्ड डिबेनकॉर्न या नावाजलेल्या चित्रकाराचं हरवलेलं चित्र सापडलं असं लोकांना वाटलं आणि बोली १ लाख ३५ हजार ८०५ डॉलरवर गेली. सर्वात मोठी बोली नेदरलँड्समधल्या एका माणसाची होती.

मग कळलं की विक्रेत्यानं दुसऱ्या नावानं स्वतःच्याच चित्रावर बोली लावली होती. ई-बेनं व्यवहार रद्द केला. तपासात वकील आणि त्याचे दोन साथीदार निघाले. तिघांनी मिळून ४० हून जास्त खाती उघडली होती आणि एकमेकांच्या शेकडो लिलावांत भाव चढवला होता. त्या वकिलानं २००१ मध्ये गुन्हा कबूल केला, त्याची वकिलीही गेली. हे सगळं उघड व्हायला एक गोष्ट कामी आली. तेव्हा बोलीदारांची टोपणनावं सगळ्यांना दिसत होती, त्यामुळे तीच तीच नावं त्याच विक्रेत्यांच्या लिलावात पुन्हा पुन्हा येतात हे बाहेरच्या माणसालाही शोधता आलं.

पुढे ई-बेनं हीच नावं झाकली. २००६-०७ च्या सुमारास ठरावीक रकमेवरच्या लिलावांत चांदण्या आल्या. कारण वेगळंच होतं. लिलावात हरलेल्या माणसाला भामटे ईमेल करायचे : ‘जिंकणाऱ्यानं माघार घेतली, वस्तू आता तुम्हाला मिळेल, पैसे या खात्यावर पाठवा.’ हरलेला माणूस आधीच हळहळत असतो, तो लगेच पैसे पाठवी. वस्तू कधीच येत नसे. नावं झाकल्यावर भामट्यांना असे बकरे शोधणं अवघड झालं. पण त्याच पडद्यामागे विक्रेत्याचा माणूसही लपला. एक चोर बाहेर ठेवायला दार लावलं, तर दुसऱ्याला आडोसा झाला. नंतर नावाऐवजी बोलीदाराच्या किती टक्के बोली याच विक्रेत्याच्या मालावर आहेत, अशी माहिती द्यायची सोय कंपनीनं केली. ती उपयोगाची होती, पण उघडून बघणारे थोडेच.

कंपनीच सामील असली तर काय होतं, याचं उदाहरण शिकागोजवळच्या मॅस्ट्रो ऑक्शन्सचं. क्रिकेटच्या जागी तिकडे बेसबॉल आहे आणि त्याच्या जुन्या पत्त्यांएवढ्या कार्डांना वेड्यासारखा भाव येतो. सिगारेटच्या पाकिटातून येणारं होनस वॅग्नर या खेळाडूचं साधारण १९०९ सालचं एक कार्ड २००७ मध्ये २८ लाख डॉलरला गेलं. कार्डाच्या कडा इतक्या सरळ कशा, याची कुजबुज बरीच वर्षं होती. कंपनीचा मालक बिल मॅस्ट्रो यानं २०१३ मध्ये कोर्टात कबूल केलं की कडा त्यानंच कापल्या होत्या आणि त्याच्या लिलावांत बनावट बोल्या लावून भाव चढवला जात होता. २०१५ मध्ये त्याला २० महिन्यांची कैद झाली. इथं नुसते जास्तीचे पैसे गेले असं नाही. बनावट बोलीनं ठरलेला भाव पुढच्या लिलावात ‘मागच्या वेळी एवढ्याला गेलं होतं’ म्हणून दाखवता येतो. खोटा आकडा असा खऱ्या बाजारभावात मिसळून जातो.

भाव चढवतात कसा ते आकड्यात बघू. बहुतेक ठिकाणी बोलीदार आपली जास्तीत जास्त रक्कम भरून ठेवतो आणि यंत्रणा त्याच्या वतीनं थोडी थोडी बोली वाढवते. समजा एकानं राणीछाप रुपयासाठी ५,००० भरले. दुसरं खरं गिऱ्हाईक २,००० वर थांबलं. मग नाणं साधारण २,१०० ला मिळायला हवं. पण विक्रेत्याचं दुसरं खातं २,५००, ३,५००, ४,८०० असं दाबत जातं आणि नाणं ४,९०० ला गळ्यात पडतं. चुकून बनावट खातंच जिंकलं तर दोन दिवसांनी निरोप येतो, ‘समोरच्यानं पैसे दिले नाहीत, तुमच्या बोलीला देतो.’ असा निरोप खराही असू शकतो. तो वेबसाईटच्या आतूनच आला आहे का आणि पैसे वेबसाईटमार्फतच द्यायचे आहेत का, एवढं बघावं. व्हॉट्सॲपवर आला तर सोडून द्यावा.

संशयाच्या खुणा काही ठरलेल्या आहेत. नवं खातं, एकाही व्यवहाराचा शेरा नाही, सगळ्या बोल्या एकाच विक्रेत्याच्या मालावर, लिलाव संपायच्या बऱ्याच आधी जोर आणि शेवटच्या मिनिटाला गप्प, विकलेली वस्तू पंधरा दिवसांत पुन्हा लिलावाला. यातली एकच खूण बघून कोणाला चोर ठरवू नये. स्वस्तात मिळेल म्हणून सगळीकडे कमी बोली लावून हरणारे हौशी संग्राहकही पुष्कळ असतात. तीन-चार खुणा एकत्र दिसल्या तर मात्र तिथून उठावं.

आपल्याकडचा कायदा याबाबत जुना आणि स्पष्ट आहे. वस्तू विक्री कायदा १९३०, कलम ६४. विक्रेत्याला स्वतः किंवा माणूस लावून बोली लावायची असेल तर तो हक्क आधी जाहीर राखून ठेवावा लागतो. न सांगता बोली लावली तर खरेदीदार ती विक्री फसवणूक मानू शकतो. भाव चढवायला खोटी बोली लावली असेल तर सौदा रद्द करण्याचा अधिकार घेणाऱ्याला आहे. अडचण पुराव्याची. चांदण्यांमागचं नाव वेबसाईटकडे असतं, ते पोलीस किंवा कोर्टच मागू शकतं.

खेड्यात जी फसवणूक जास्त होते, तिथं मात्र लिलावच नसतो. ट्रॅक्टर छापलेली पाच रुपयांची नोट, ७८६ आकड्याची नोट, वैष्णोदेवीचं नाणं लाखाला जातं असे व्हिडिओ फिरतात. फोटो पाठवला की ‘तुमच्या नोटेवर पाच लाखांची बोली लागली’ असा फोन येतो. बोलीदाराचं नाव विचारलं तर ‘कंपनीचा नियम, नाव गुप्त असतं’ हे उत्तर तयार. मग नोंदणी फी, त्यानंतर जीएसटी, विमा, रिझर्व्ह बँकेची परवानगी. प्रत्येक वेळी ‘हे शेवटचं’. हातची नोट हातातच राहते, जातात ते घरचे पैसे. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या खरेदी-विक्रीशी तिचा संबंध नाही, ती त्यासाठी कधी फी किंवा कमिशन मागत नाही आणि तिनं कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. पैसे येणार असतील तर यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही, हेही घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सांगून ठेवावं.

वेबसाईटवर कुणी ट्रॅक्टरच्या नोटेला पाच लाख किंमत लावली म्हणजे ती तेवढ्याला गेली असं होत नाही. मागितलेला भाव कुणीही कितीही लिहू शकतो. बघायचा तो पूर्ण झालेल्या विक्रीचा भाव, तोही वेगवेगळ्या लिलावांतला.

पेटीतल्या नाण्याची निदान तळाची किंमत घरी काढता येते. राणीछाप आणि १९४० च्या आधीचा राजाछाप रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात सुमारे ९२ टक्के चांदी. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया निकेलचा निघाला. सराफाकडे वजन करून चांदीचा हिशेब लावला की नाणं किमान कितीचं ते कळतं. वर काही मिळालं तर ते दुर्मिळतेचं. १९३९ चा राजाछाप रुपया खरंच दुर्मिळ आहे, पण म्हणूनच दुसऱ्या सालाचा आकडा कोरून केलेले बनावटही भरपूर फिरतात. ईस्ट इंडिया कंपनीचं १८१८ चं, राम-सीता किंवा हनुमान असलेलं नाणं तर कंपनीनं पाडलेलंच नव्हतं. तांदूळ ओढणारं तांब्याचं भांडं हीही तसलीच थाप.

शंभर वर्षांवरचं नाणं कायद्यानं पुरावस्तू ठरतं. १९७२ च्या कायद्याप्रमाणे खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही आणि पुरावस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो. त्यामुळे ‘दुबईचा शेठ घेणार आहे, कुरिअरनं पाठवा’ म्हटलं की फसवणूक झाली नाही तरी गुन्हा होतो. नांगरताना शेतात नाण्यांचा गाडगा निघाला तर १८७८ च्या कायद्यानुसार १० रुपयांवरच्या किमतीचं गुप्तधन लेखी कळवावं लागतं, ते जिल्हाधिकाऱ्यांना. त्याचा फोटो आधी ग्रुपवर टाकू नये, हे वेगळं सांगायला नको.

पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नये. लगेच १९३० या नंबरवर फोन करावा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता येतात. केंद्राच्या सायबर क्राईम पोर्टलवर किंवा पोलीस ठाण्यातही तक्रार देता येते. चॅट, फोन नंबर, व्यवहाराचा क्रमांक, बोलीच्या पानाचे स्क्रीनशॉट जपावेत, राग आला म्हणून डिलीट करू नयेत. काही दिवसांनी ‘तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, फाईलचे दोन हजार भरा’ असा फोन येतो. तो बहुतेक त्याच टोळीचा असतो. नंबर त्यांच्याकडे आधीच असतो.