उशाशी तांब्या कोण ठेवणार?

आमच्या वाशीकडे दिवाळी उलटली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मागे म्हातारी माणसं उरतात. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे १००० रुपये २०२३ मध्ये १५०० झाले. पण पैसा काही उशाशी पाण्याचा तांब्या ठेवत नाही!

भूमच्या पलीकडे, जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये आरोग्य प्रकल्प सुरू केला. पुढे गावातल्याच, बहुतेक निरक्षर बायांना शिकवलं. त्या घरोघरी जाऊ लागल्या. भर आई-मुलांवर होता, पण वाट दिसली.

म्हाताऱ्यांसाठीही अशीच शेजारची बाई हवी. शिकवलेली आणि मुख्य म्हणजे पगारी. आजवर ती शेजारधर्म म्हणून फुकटच राबत आली... असो.