घरात दडलेलं, नाटकात उघडं

हलका धान घरात आला की आमच्या भागात नाटकांचा हंगाम लागतो. भाऊबीज झाली, गावोगावच्या मंडया भरू लागल्या की वडशात, म्हणजे देसाईगंजात, नाटक मंडळ्यांच्या कार्यालयांपुढे खेड्यांतली माणसं ताटकळताना दिसतात. कोणत्या गावी बैलांच्या शर्यतींचा शंकरपट कधी, त्या रात्री कोणतं नाटक, नायिका कोण, पैसे किती, हे सगळं तिथं ठरतं. गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे बरीच वर्षं होती ती एवढ्या एकाच गावी, गोंदिया-बल्लारपूर मार्गावर. बाहेरगावचे कलावंत तिथंच उतरत. हंगाम होळीपर्यंत चालतो. नाटक रात्री दहाच्या पुढं सुरू होतं आणि संपतं तेव्हा फटफटलेलं असतं. लेकी माहेरी येतात, सोयरे येतात, दिवसा पट आणि रात्री नाटक. कित्येक लग्नं याच पाहुणचारात जुळली आहेत.

आणि अगदी पुढं, रंगमंचाला नाक लावून, बारा ते सतरा वयाची पोरं बसलेली असतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

मी ब्रह्मपुरी तालुक्यात कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. कोवळ्या वयाच्या मुलांना पडद्यावर काय दाखवावं, हा वाद आमच्या स्टाफरूममध्येही पोचला आहे. ‘थर्टीन रिझन्स व्हाय’ ही अमेरिकी मालिका 2017 साली आली. एका शाळकरी मुलीच्या आत्महत्येवर ती बेतलेली होती. डॉक्टरांनी आणि पालकांनी आक्षेप घेतला, आणि शेवटी जुलै 2019 मध्ये नेटफ्लिक्सनं तो आत्महत्येचा प्रसंगच कापून टाकला. 2025 मध्ये ‘अ‍ॅडोलेसन्स’ ही ब्रिटिश मालिका आली, तेरा वर्षांच्या मुलावर खुनाचा आरोप येतो त्याची. तिथं उलटं घडलं: ती ब्रिटनमधल्या माध्यमिक शाळांना फुकट दाखवायची सोय झाली, म्हणजे मुलांनी ती एकत्र बसून पाहावी आणि मग बोलावं. ही बातमी वाचली तेव्हा मला नाटकाचा मंडप पडतो त्या आमच्या धानाच्या बांध्या आठवल्या. अवघड गोष्ट पोरांनी आईबापांसोबत, साऱ्या गावासोबत बसून पाहायची, ही रीत झाडीपट्टीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

झाडीपट्टी म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली. त्यातला गडचिरोली 26 ऑगस्ट 1982 पर्यंत चंद्रपूर जिल्ह्याचाच भाग होता. इथली दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्यं नाटकाच्या कितीतरी आधीची. पुरुषच लुगडं नेसून बाईचं काम करत. डफ, तुणतुणं आणि चोनका वाजे. सावकार, पाटील, दोन बायकांचा दादला, सुनेला छळणारी सासू, सगळ्यांची भर गावात खरडपट्टी निघे, आणि ज्याची निघे तो समोरच घोंगडी पांघरून बसलेला असे. पुढं मुंबई-पुण्याकडची संगीत नाटकं आली, हौशी मंडळांनी ती उचलली, अंक वाढले, ऑर्गन आला, बायका रंगमंचावर आल्या. पण घरातलं दुखणं बाहेर काढायची खोड दंडारीचीच राहिली.

गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ 1919 साली रंगमंचावर आलं. लेखक त्याच वर्षीच्या जानेवारीत सावनेरला वारले होते. ते गाव नागपूर जिल्ह्यातलं, आमच्या विदर्भाचंच. शहरातल्या समीक्षकांनी त्या नाटकाची भाषा, कोट्या, पदं यांवर खूप लिहिलं. आमच्या गावांत ते वेगळ्या डोळ्यांनी पाहिलं गेलं. सुधाकर वकील आहे, हुशार आहे. सनद काही काळ रद्द होते, अपमान सोसवत नाही, आणि तळीराम पहिला प्याला पुढं करतो. जातं ओढून घर चालवणारी त्याची बायको सिंधू, हकनाक मरणारं तान्हं मूल. मोहाची दारू ज्या गावात घरोघरी गळते, तिथल्या बायकांना यातलं काही समजावून सांगावं लागलं नाही. व्यसनाच्या मुळाशी अनेकदा दुखावलेलं मन असतं, हे आज मानसोपचारतज्ज्ञ सांगतात. आमच्या आज्यांनी ते सुधाकराकडं पाहून ओळखलं होतं.

याच जिल्ह्यांतल्या बायका पुढं रस्त्यावर उतरल्या. गडचिरोलीत दारूमुक्तीची चळवळ उभी राहिली आणि 1993 मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली. चंद्रपूरच्या बायका डिसेंबर 2010 मध्ये चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत पायी गेल्या. 2015 मध्ये बंदी आली, 2021 मध्ये उठली. नाटकामुळं बंदी आली असा माझा दावा नाही. नवरा पितो, मारतो, हे चारचौघांत उच्चारायची लाज मात्र नाटकानं आधीच थोडी कमी करून ठेवली होती, असं मला ठामपणे वाटतं. सिंधूसाठी रडताना शेजारीण आपल्यासाठीही रडून घेई, आणि बाजूच्या बाईला ते कळे.

मग शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचा काळ आला. जुलै 2006 मध्ये पंतप्रधान विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर झालं: अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशिम, वर्धा. कापसाचे जिल्हे. धानाचे आमचे जिल्हे त्यात नव्हते. पण सिंदेवाही तालुक्यातल्या नवरगावचे नाटककार सदानंद बोरकर यांनी ‘आत्महत्या’ याच नावाचं नाटक लिहिलं आणि ते गावोगाव झालं. ज्यांच्या सातबाऱ्यावर सोसायटीचं कर्ज आहे, अशी माणसं तिकीट काढून ते पाहायला बसली. बोरकरांच्याच ‘माझं कुंकू मीच पुसलं’ या नाटकाचं नाव घ्या. नाव ऐकूनच बाई थांबते, पोरगी आईच्या तोंडाकडं बघते. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे हयातभर या रंगमंचावर हसवत राहिले, आणि 2023 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा या साऱ्या रात्रींची कुणीतरी दखल घेतली असं आम्हा सगळ्यांना वाटलं.

बाहेरचे पाहुणे आमची नाटकं पाहून म्हणतात, फार भडक आहे बाप्पा. विधवेचा आक्रोश संपतो न संपतो तोच हिंदी गाण्यावर नाच सुरू होतो, मधेच माईकवर दहा-पन्नास रुपयांचं बक्षीस देणाऱ्याचं नाव पुकारलं जातं. ते नाच मलाही आवडत नाहीत. वाढतच चालले आहेत, आणि त्यात बायकांची जी ओढाताण होते ती बंद व्हायला हवी. पण हसू आणि रडू एकमेकांना लागून येण्यात मला खोट दिसत नाही. रात्रभर दुःख बघायचं तर माणसाला मधून मधून श्वास घ्यावाच लागतो. फोनवर अंधारात एकटीनं मालिकेचे आठ भाग सलग पाहणाऱ्या माझ्या विद्यार्थिनीला तो मिळत नाही. तिच्या शेजारी कुणी हुंदका देत नाही, कुणी चहा आणत नाही, सकाळी हातपंपावर कुणी विचारत नाही की काल त्या पोरीनं असं काऊन केलं असंल.

ही सकाळची चर्चाच मला मोलाची वाटते. एकदा नाटकानंतरच्या सोमवारी अकरावीतल्या एका मुलीनं वर्गात मला सांगितलं होतं, मॅडम, त्यातला मोठा भाऊ आमच्या बाबांसारखा बोलत नव्हता, जेवत नव्हता. बाबांना काय झालं आहे हे तिला तोवर सांगता येत नव्हतं. नाटकानं तिला बोट दाखवायला जागा दिली.

तरीही या रंगभूमीवर माझा मोठा राग आहे, आणि तो मी मायेपोटीच लिहिते. आमच्या नाटकात वेडा हा हसवायला येतो. फाटका सदरा, हातात काठी, तिरपी चाल. तो आला की पुढची पोरं टाळ्या पिटतात. दुसऱ्या दिवशी गावात खरोखर आजारी असलेल्या माणसामागं तीच पोरं धावतात. एका म्हातारीनं त्यांना हटकलेलं मी ऐकलं आहे: “थो येडा नोहे बाबू, त्याच्या जिवाले काही तं लागलं आहे.” हे वाक्य नाटककारांनी लिहायला हवं होतं.

दुसरं, आजाराचं खापर करणीवर फोडणं. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा 2013 पासून आहे. तरी ऑगस्ट 2021 मध्ये जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द गावात भानामतीच्या संशयावरून म्हाताऱ्या माणसांना चौकात बांधून मारलं गेलं. ज्या भागात हे घडतं, तिथं रंगमंचावर भगत येऊन अंगारा लावतो आणि नायिका बरी होते, असा प्रवेश केवळ करमणूक म्हणून सोडून देता येत नाही.

तिसरं सर्वांत अवघड: शेवट. पाचव्या अंकात कुणीतरी जीव द्यायचा, मग बाकीच्यांचे डोळे उघडायचे. मरणानंच घरच्यांना शहाणपण येतं, हा धडा पंधरा वर्षांच्या पोराला मी कधीही देणार नाही. त्या वयात नेमकं हेच डोक्यात घोळत असतं: मी गेलो की यांना कळेल. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये पडद्यावर आणि रंगमंचावर काम करणाऱ्यांसाठी एक पुस्तिका काढली. तिचं सांगणं थोडक्यात असं: कृती आणि साधन दाखवू नका, कारण एकच आहे असं भासवू नका, मदत मागणारा आणि त्यातून सावरणारा माणूस दाखवा. तिच्यात नुसत्या मालिका नाहीत, रंगमंचही आहे. म्हणजे वडशाच्या मंडळ्याही आल्या.

मागच्या हंगामात आमच्या शेजारच्या गावातल्या मंडळाशी मी बोलले. तिसऱ्या अंकानंतर बक्षिसांची नावं पुकारतानाच टेलिमानसचा 14416 हा क्रमांक सांगायला ते लगेच तयार झाले. ही सरकारी मदतवाहिनी ऑक्टोबर 2022 पासून आहे, फोन फुकट लागतो आणि मराठीत बोलता येतं. निवेदकानं तो दोनदा सांगितला, सावकाश. शेवट बदलायला मात्र लेखक राजी झाले नाहीत. नायक मेला नाही तर लोक पैसे परत मागतील, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. ज्या लोकांनी दंडारीत सावकाराची फजिती पाहिली, सिंधूला आपली मानली, आत्महत्येच्या नावाचं तिकीट काढलं, ते वाचलेला मुलगाही पाहतील.

यंदा तालमी सुरू होण्याआधी मी त्यांच्याकडं पुन्हा जाणार आहे. मागणी एकाच प्रवेशाची आहे. बाप पोराला मोटारसायकलवर मागं बसवून जिल्हा रुग्णालयात नेतो, चिठ्ठी काढतो, मानसिक आरोग्य विभागापुढच्या बाकावर बसतो. तिथं गावातलाच माणूस भेटतो आणि विचारतो, इकडं कशाले? बाप काय उत्तर देतो ते लेखकानं लिहायचं आहे. पोरं पुढंच बसलेली असतील.