हिंगणघाटची बनी कुठे गेली?



तुमच्या परसात नाहीतर देवळामागे देवकापसाचे झाड असेल. वाती त्याच्याच वळतात. ते वर्षानुवर्षे उभे राहते. शेतातली पऱ्हाटी आपण हंगाम संपला की उपटतो, म्हणून तिला पीक म्हणतो. पण मुळात कपाशी हे झुडूपच, जास्वंद, भेंडी आणि अंबाडीच्या कुळातले. जगात तिच्या सुमारे ५० जाती आहेत. माणसाने लागवडीत आणल्या त्या फक्त ४. दोन आशिया-आफ्रिकेकडच्या, दोन अमेरिकेकडच्या. आपली गावरानी पहिल्या गटातली. फूल बहुधा पिवळे, बोंड लहान, मूळ खोल.

गावरानी म्हणजे भरड, हा समज मात्र काढून टाका. ढाक्याची मलमल गावरानीच्याच भाऊबंदातली. आणि इथली म्हणाल तर हिंगणघाटची बनी! मऊ, बारीक धाग्याची. मुंबईच्या बाजारात तिला नाव होते. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी झाली, तिकडचा कापूस अडला आणि विलायतेच्या गिरण्यांनी आपल्याकडे धाव घेतली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे सुरू झाली.

भाव चढला आणि बनी मात्र घसरली. असे का झाले? पूर्वी घरच्या रेच्यावर रुई निघे, सरकी घरात राही. पुढे कापूस जिनात जाऊ लागला. दहा गावांचा माल एका ढिगात, आणि पेरायला परत आणायची ती त्याच ढिगातली सरकी! त्यात व्यापारी बारीक धाग्याला जास्तीचा पैसा देईना. भरड जरी जास्त पिके, रुईचा उताराही जास्त देई. मग शेतकऱ्याने बनी कशासाठी जपावी? त्याला दोष देता येत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेतकी खात्यानेही पांढऱ्या फुलाची, भरड पण भरपूर उताऱ्याची रोझियम वाटली.

पुढचे तुम्हाला ठाऊकच आहे. लांब धाग्यासाठी अमेरिकन कपाशी पसरली. १९७० मध्ये सुरतेहून संकर-४ आले आणि २००२ मध्ये बीटी. संकरित सरकी पुन्हा पेरून तसेच पीक येत नाही, म्हणून दरसाल पाकीट विकत घ्यावे लागते. त्यात गुलाबी बोंडअळी बीटीलाही जुमानेनाशी झाली. २०१७ चा हंगाम विदर्भ विसरलेला नाही.

गावरानीचे सरळ वाण मात्र अजून आहेत. अकोल्याचे एकेए-७, एकेए-८ आहेत, परभणीचे लांब धाग्याचे वाणही आहेत. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत जुन्या वाणांचे बियाणे सांभाळलेले आहे. गावरानीत २६ गुणसूत्रे, अमेरिकनमध्ये ५२. त्यामुळे शेजारच्या बीटीने तिचे बी सहसा बिघडत नाही. बिघडवते ती दुसरी गावरानीच. तेव्हा दोन वाणांत ५० मीटर अंतर ठेवा.

निरोगी, भरपूर बोंडांची झाडे निवडून खुणेला चिंधी बांधा. मधल्या वेचणीचा कापूस वेगळ्या पोत्यात भरा. हा कापूस जिनात घालू नका, हातानेच सरकी काढा. ती वाळवून कोरड्या जागी ठेवा आणि पोत्यावर वाणाचे नाव लिहा. पेरणीआधी शेणकाल्यात चोळून सावलीत सुकवा, म्हणजे सरकी एकमेकींना चिकटत नाही.