बायबलांतील कथांचा नीतिबोध आणि मराठी पंडितांचे वाद

(१) धर्मग्रंथांत वंद्य म्हणून सांगितलेल्या पुरुषाचें एखादें कृत्य नीतीस सोडून दिसलें, तर त्या कथेपासून बोध कोणता घ्यावा, हा प्रश्न पाद्री लोकांनी या देशांत प्रथम आणला असा एक समज आहे. तो बरोबर नाहीं. भागवताच्या दशम स्कंधांत रासक्रीडेचें वर्णन संपतांच परीक्षिति राजा शुकास हाच प्रश्न करतो. धर्माच्या स्थापनेसाठीं अवतरलेल्या पुरुषानें असें कां केलें, अशी त्याची शंका आहे; आणि समर्थांच्या वचनाप्रमाणें चालावें, त्यांच्या प्रत्येक कृतीचें अनुकरण करूं नये, अशा आशयाचें उत्तर शुक देतो. उत्तर कोणास पटो वा न पटो, एवढें खरें कीं श्रोत्याची शंका पुराणकारानें दडविली नाहीं. ती पोथींतच लिहून ठेवली. ही गोष्ट वाचकांनी ध्यानांत ठेवावी, कारण पुढील सर्व विवेचन तिच्यावरच उभें आहे.

(२) बायबलांतील कथा मराठींत प्रथम विस्तारानें आल्या त्या फादर तॉमस स्टीफन्स याच्या क्रिस्तपुराणांत. हा इंग्रज जेझुइट इ. स. १५७९ मध्यें गोव्यास उतरला आणि त्याचा ग्रंथ इ. स. १६१६ (शके १५३८) मध्यें रायतूर येथें रोमन लिपींत छापला गेला. पैलें पुराण जुन्या कराराच्या कथांचें व दुसरें पुराण ख्रिस्तचरित्राचें असून दोहोंच्या मिळून ओंव्या अकरा हजारांच्या आसपास आहेत. ग्रंथाची मांडणी पुराणाची आहे. साष्टींतील एक बाटलेला ब्राह्मण पाद्रीस म्हणतो कीं, आमचीं जुनीं पुराणें तुम्ही बंद केलींत, तर त्यांच्या जागीं आम्हांस वाचावयास दुसरें कांहीं द्या. आणि त्या मागणीपासून कथेस आरंभ होतो. पुढेंही मधून मधून श्रोता शंका काढतो व पाद्री तिचें निरसन करतो. शंका व उत्तर दोन्ही एकाच लेखणींतून उतरलीं असल्यामुळें श्रोत्याचा विजय होणें शक्यच नव्हतें, हें उघड आहे. तरी पण मराठी माणसापुढें धर्मकथा ठेवावयाची तर त्याच्या शंकेस पोथींत जागा द्यावी लागते, हें त्या परदेशी ग्रंथकारानें ओळखलें होतें. या ग्रंथाच्या १६१६, १६४९ व १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत उपलब्ध नाहीं. ग्रंथ वांचला तो हस्तलिखितांमुळें. सालढाणा यांनी इ. स. १९०७ मध्यें मंगळूर येथें काढलेली आवृत्ति अशा हस्तलिखितांवरूनच सिद्ध झाली, आणि मार्सडेनच्या संग्रहांतील देवनागरी प्रत लंडनमध्यें आहे.

(३) दोन शतकांनंतर मुंबईंत या प्रश्नाचें स्वरूप पालटलें. इ. स. १८२९ मध्यें आलेल्या जॉन विल्सन या स्कॉटिश पाद्र्यानें पौराणिक देवतांच्या चरित्रांवर नीतीच्या दृष्टीनें टीका आरंभिली. इ. स. १८३१ मध्यें मोरभट दांडेकर यांनी त्याच्याशीं जाहीर वाद केला व त्याच वर्षी 'हिंदुधर्मस्थापना' हें लहानसें पुस्तक प्रसिद्ध केलें. विल्सननें १८३२ मध्यें त्याचें खंडन इंग्रजींत छापलें. पुढें साताऱ्याच्या नारायणराव नामक गृहस्थानें लेखणी उचलली, तेव्हां १८३४ मध्यें दुसरें खंडन काढलें. एथें श्रोता पोथीच्या बाहेर पडला. परीक्षितीनें शंका विचारली ती आपल्याच आराध्याविषयीं. मुंबईच्या वादांत मात्र प्रत्येक पक्ष दुसऱ्याच्या आराध्याविषयीं विचारूं लागला. एक गोष्ट विल्सनच्या बाजूनें नमूद करणें न्यायाचें होईल: पहिल्या खंडनाच्या आरंभीं त्यानें मोरभटांच्या पुस्तकाचें भाषांतर जोडलें आहे. परंतु त्यामुळें असेंही झालें कीं, मोरभटांचें म्हणणें दूरवर पोंचलें तें त्यांच्या प्रतिपक्ष्याच्या भाषेंत व त्याच्याच पुस्तकाच्या वेष्टनांत.

(४) या वादमालेंतील सर्वांत महत्त्वाचा ग्रंथ मात्र महाराष्ट्रांत नव्हे, काशींत झाला, आणि तो एका कोंकणस्थ तरुणानें संस्कृतांत लिहिला. जॉन म्यूर यानें इ. स. १८३९ मध्यें 'मतपरीक्षा' हा गुरुशिष्यसंवादरूपी श्लोकबद्ध ग्रंथ प्रसिद्ध करून खऱ्या धर्माच्या तीन कसोट्या सांगितल्या: संस्थापकाचें अलौकिक सामर्थ्य, शास्त्राचें पावित्र्य, आणि सर्व मानवजातीस लागू पडण्याची त्याची योग्यता. यांपैकीं दुसरी कसोटी आमच्या विषयाची. शास्त्र पवित्र कीं अपवित्र हें त्यांतील कथांवरून ठरवावयाचें असेल, तर तोच कांटा बायबलासही लावतां येतो. म्यूरला तीन उत्तरें निघालीं. पहिलें 'सोमनाथ' या नांवाचें. हा सिहोरचा मराठी पंडित सुबाजी बापू असावा असें अभ्यासक मानतात. दुसरें बंगालच्या हरचंद्र तर्कपंचाननाचें. आणि तिसरें नीळकंठशास्त्री गोरे यांचा 'शास्त्रतत्त्वविनिर्णय'.

गोरे यांचा जन्म १८२५ चा; म्हणजे ग्रंथ लिहिला तेव्हां (१८४४-४५) त्यांचें वय अवघें एकोणीस-वीस वर्षांचें होतें. त्यांचा मुख्य मुद्दा असा कीं, शास्त्राच्या बाबतींत श्रद्धा अगोदर व तर्क मागाहून. केवळ तर्कानेंच चालावयाचें म्हटलें तर ख्रिस्ती शास्त्रही त्यांतून सुटत नाहीं. पूर्वजन्म मानला नाहीं तर पशूंना होणारें दुःख कोणत्या कर्माचें फळ? जीव पापांत पडणार हें ठाऊक असतां ईश्वरानें त्यास निर्माण कां केलें? अल्पायुषी मनुष्याच्या परिमित पापास अनंत नरक हा दंड कोणत्या न्यायानें? सृष्ट्युत्पत्ति, आदामाचें पतन व अंतिम न्याय या कथांचा जो बोध पाद्री सांगत, त्याच्या मुळाशींच हे प्रश्न जातात.

आतां पुढची गोष्ट सर्वश्रुत आहे. ज्या पाद्र्यांचें खंडन करावयास गोरे निघाले त्यांच्याकडून मिळालेलें बायबल ते वाचूं लागले. डोंगरावरील प्रवचनाचा त्यांच्या मनावर परिणाम झाला. आणि १४ मार्च १८४८ रोजीं जौनपुर येथें त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नेहेम्या गोरे या नांवानें त्यांनी पुढें 'षड्दर्शनदर्पण' लिहून हिंदु दर्शनांचें खंडन केलें, आणि १८९५ मध्यें मुंबईस त्यांचा अंत झाला. चरित्रें लिहिलीं गेलीं तीं या उत्तरार्धाच्या तेजांत. पूर्वार्धाची साक्ष देणारा ग्रंथ शंभराहून अधिक वर्षें हस्तलिखितांतच पडून होता. सदाशिव लक्ष्मीधर कात्रे यांनी तो उज्जयिनीच्या सिंधिया प्राच्यसंस्थेतर्फे इ. स. १९५१ मध्यें छापला, तेव्हां कोठें गोऱ्यांचे मूळचे आक्षेप त्यांच्याच शब्दांत वाचावयास मिळाले.

(५) चौथा प्रसंग विष्णुबुवा ब्रह्मचारी यांचा. इ. स. १८५७ च्या जानेवारीपासून मेपर्यंत मुंबईच्या समुद्रकिनारीं त्यांचे पाद्र्यांशीं वाद झाले. उत्तरेकडील बंडाच्या धामधुमींत ते थांबले. त्यांची हकीकत प्रथम इंग्रजींत प्रसिद्ध केली ती अमेरिकन पाद्री जॉर्ज बोवेन यानें, त्याच वर्षी; आणि मराठी 'समुद्रकिनारींचा वादविवाद' निघाला १८७२ मध्यें, बुवांच्या निधनानंतर एक वर्षानें. एकाच वादाचे दोन वृत्तांत, दोन भाषांत व पंधरा वर्षांच्या अंतरानें! दोन्ही शेजारीं ठेवून वाचल्यावांचून कोणी काय म्हटलें याचा निर्णय करणें धाडसाचें होय.

(६) वाद कसा व्हावयास हवा होता, हें एका कथेवरून पाहूं. उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायांत देव आब्राहामाची परीक्षा पाहण्यासाठीं त्याचा पुत्र इसहाक याचा होम मागतो. तीन दिवसांची वाट चालून बाप मोरिया देशांतील डोंगर गांठतो, लांकडें मुलाच्याच खांद्यावर देतो, सुरा उचलतो. तोंच दूत हात थांबवितो आणि झुडुपांत शिंगें अडकलेला एडका बळी पडतो. याचा बोध काय? श्रद्धा, असें पाद्री सांगत. क्रौर्य, असें प्रतिपक्षी म्हणूं शकतो. परंतु मराठी श्रोत्याच्या कानांत श्रीधराच्या शिवलीलामृतांतील (शके १६४०) चिलया बाळाची कथा घुमत असतेच. तेथें अतिथिवेषधारी शिव श्रियाळ व चांगुणा यांच्याजवळ पुत्राचें मांस मागतो, आणि हात थांबविला जात नाहीं; बाळ मागाहून उठतें. तिसरी कथा ऐतरेय ब्राह्मणांतील शुनःशेपाची. अजीगर्त शंभर गाईंना मुलगा विकतो, आणखी शंभर घेऊन त्यास यूपाला बांधतो, आणखी शंभरांसाठीं शस्त्र परजतो. देवांच्या स्तुतीनें मुलगा सुटतो, पण बापाकडे परत जाण्याचें साफ नाकारतो. तिन्ही कथांत बाप व पुत्र, तिन्हींत सुटका. परंतु मुलाच्या तोंडून बापाचा निषेध फक्त तिसरीच करविते. जो चिलयाच्या कथेस डोळे टिपतो त्यानें आब्राहामास क्रूर म्हणूं नये, आणि जो आब्राहामास वंदितो त्यानें श्रियाळास हंसूं नये.

ख्रिस्ती जगांतही या कथेविषयीं एकमत नव्हतें. जर्मन तत्त्वज्ञ कांट यानें १७९८ मध्यें असें प्रतिपादिलें कीं, पुत्रास मारूं नये हें आब्राहामास निश्चित ठाऊक होतें, आज्ञा करणारा देवच आहे हें मात्र निश्चित नव्हतें. म्हणून त्यानें आज्ञा नाकारावयास हवी होती. उलट डेन्मार्कच्या कीर्केगॉर याचा याच कथेवरील ग्रंथ १८४३ चा. त्यांत श्रद्धा ही सामान्य नीतीच्या पलीकडे जाते काय, याची झोंबाझोंबी आहे. म्हणजे गोरे काशींत श्रद्धा अगोदर कीं तर्क अगोदर असें लिहीत होते, त्याच सुमारास कोपनहेगनमध्यें त्याच प्रश्नाशीं दुसरा एक मनुष्य झगडत होता. एकास दुसऱ्याची वार्ताही नव्हती.

(७) यावरून आम्हांस एक नियम सुचतो. धर्मकथांचे तीन वर्ग करावे. पहिला, ज्यांत ग्रंथच नायकास दोष देतो: दाविदानें उरीयाची बायको घेतली व त्यास लढाईंत मारविलें, तेव्हां नाथान भविष्यवादी राजाच्या तोंडावर त्यास दोषी ठरवितो, आणि युधिष्ठिर अर्धसत्य बोलतांच त्याचा रथ भूमीस टेकतो. अशा कथा पुढें करून ग्रंथास अनीतिमान् म्हणणें हा अन्याय आहे. दुसरा, ज्यांत ग्रंथ कृत्याची प्रशंसा करतो: आब्राहाम व श्रियाळ या वर्गांतले. खरा वाद एथेंच संभवतो. तिसरा, ज्यांत ग्रंथ मौन धरतो: शास्ते यांच्या पुस्तकांत इफ्ताह नवस फेडण्यासाठीं आपल्या कन्येचा बळी देतो, आणि ग्रंथकार निंदाही करीत नाहीं व स्तुतीही करीत नाहीं. एथें बोध वाचकाचा, ग्रंथाचा नव्हे. एकोणिसाव्या शतकांतील वादांत हे तीन वर्ग एकत्र कालविले गेले, आणि म्हणूनच उभयपक्षीं शब्दांचा खर्च मोठा व निर्णय थोडा झाला.

(८) शेवटीं संग्राहकांस एक विनंति. भूर्जपत्र, राजमुद्रा किंवा सुंदर चित्रें असलेली पोथी कोणीही जपून ठेवतो. खंडनमंडनाचीं बाडें मात्र वाद संपला म्हणून टाकून दिलीं जातात. आणि लिहिणारा पुढें दुसऱ्या मतास गेला असेल, तर त्याचे पहिले कागद राखण्यांत कोणत्याच पक्षास आस्था उरत नाहीं. शास्त्रतत्त्वविनिर्णय हा ग्रंथ अशाच स्थितींतून वांचला. तो न वांचता, तर एका विशीच्या तरुणानें बायबलांतील कथांस विचारलेले प्रश्न त्याच्या नंतरच्या उत्तरांखालीं गाडले गेले असते, आणि त्या उत्तरांची किंमतही आम्हांस कळली नसती. कारण प्रश्न किती खोल होता हें कळल्यावांचून उत्तरास काय पडलें हें कळत नाहीं. परीक्षितीची शंका पुराणकारानें जपली. एकोणिसाव्या शतकांतील परीक्षितींच्या शंका जपण्याचें काम आतां दप्तरें चाळणारांचें आहे.