मार्तुस : पाहणारा, आठवणारा, मरणारा

लूकच्या शुभवर्तमानाची पहिली चार वचने म्हणजे ग्रीकमधले एकच लांबलचक वाक्य आहे. त्यात ‘ऑटोप्टाय’ हा शब्द येतो. ‘ऑटोस’ म्हणजे स्वतः, आणि पुढचा भाग पाहण्याच्या धातूचा. ज्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, ते ऑटोप्टाय. शवविच्छेदनाला डॉक्टर ‘ऑटॉप्सी’ म्हणतात, तो शब्द याच घराण्यातला. ग्रीक इतिहासकारांना तो चांगला परिचयाचा होता. एलिफंटाइनपर्यंतचा इजिप्त आपण स्वतः पाहिला आणि त्यापुढचे सारे ऐकीव, असे हिरोडोटस याच शब्दाच्या आधाराने सांगतो. लूकही तीच शिस्त पाळतो. पाहणाऱ्यांत तो स्वतःला धरत नाही. त्यांनी सोपवलेले तपासून आपण क्रमवार लिहितो आहोत, एवढाच त्याचा दावा आहे. ही कबुली मला फार मोलाची वाटते, कारण ग्रंथाचा कस कुठे लावायचा हे लेखकच दाखवून देतो.

नव्या करारात याहून कितीतरी अधिक वेळा येणारा शब्द आहे ‘मार्तुस’. अथेन्सच्या न्यायालयात साक्ष देणारा तो मार्तुस. आपला ‘साक्षी’ हा शब्द पाणिनीने ‘साक्षात्’वरून साधला आहे, साक्षात म्हणजे डोळ्यांसमोर, आणि तसे पाहणारा तो साक्षी. (‘साक्षीदार’ म्हणताना आपण त्याला फारसी ‘दार’ जोडतो, पण डोळा जागचा हलत नाही.) मार्तुसच्या पोटात मात्र डोळा नाही. अनेक व्युत्पत्तिकार त्याचे नाते संस्कृत ‘स्मृ’ धातूशी जोडतात. ते मान्य केले तर मार्तुस म्हणजे मुळात आठवण ठेवणारा. आरंभीच्या ख्रिस्ती लेखनाचा खरा प्रश्नही आठवणीचाच आहे. येशूला क्रुसावर दिले ते इ.स. 30 च्या सुमारास, आणि सर्वांत जुने मानले जाणारे मार्कचे शुभवर्तमान बहुतेक अभ्यासकांच्या मते 70 च्या आसपासचे. मधली चाळीस वर्षे ही हकीकत मुख्यतः तोंडातोंडी जगली.

‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात यहूदाच्या जागी नवा माणूस निवडायचा प्रसंग आहे. तिथली अट स्पष्ट आहे: योहानाच्या बाप्तिस्म्यापासून जो बरोबर वावरला, त्यालाच पुनरुत्थानाचा मार्तुस होता येईल. त्याच ग्रंथात पुढे दगडमारात मेलेल्या स्तेफनालाही मार्तुस म्हटले आहे, आणि त्याच्याविषयी अशी अट कुठे दिसत नाही. अर्थ इथे वळू लागतो. दुसऱ्या शतकाच्या मध्यास स्मुर्ना इथे वृद्ध पॉलिकार्पला ठार केले, त्या वृत्तान्तात शब्द जवळजवळ आजच्या ‘मार्टर’पाशी पोचला आहे. इ.स. 177 मध्ये लियोंच्या छळातून तोवर जिवंत राहिलेल्या ख्रिस्ती लोकांनी तर स्वतःला मार्तुस म्हणवून घ्यायला नकार दिला. जे मेले तेच खरे मार्तुस, आम्ही नुसते कबुली देणारे, असे त्यांचे म्हणणे. अरबीतही ‘शाहिद’ म्हणजे साक्षीदार आणि ‘शहीद’ म्हणजे हुतात्मा हे एकाच धातूचे. मराठी ख्रिस्ती लेखनातल्या ‘रक्तसाक्षी’ या शब्दात दोन्ही अर्थ शेजारी बसले आहेत.

या वळणाकडे दुर्लक्ष झाले की युक्तिवाद घसरतो. खोट्यासाठी कोण जीव देईल, असे म्हणून शुभवर्तमानांची सत्यता सिद्ध करू पाहणारे पुष्कळ आहेत. मरणाने निष्ठा कळते. मरणाऱ्याने काय पाहिले होते ते कळत नाही. पॉलिकार्पच्या धैर्यापुढे मान लवते, पण ज्या घटना त्याच्या जन्माआधीच्या, त्यांचा तो ऑटोप्टेस असणे शक्य नव्हते.

इतिहासाच्या दृष्टीने मला अधिक वजनदार वाटते ते पौलाचे करिंथकरांना लिहिलेले पहिले पत्र. ते 50 च्या दशकाच्या मध्यातले, म्हणजे मार्कच्याही आधीचे. पुनरुत्थित येशू पाचशेहून अधिक जणांना एकाच वेळी दिसला, असे त्यात पौल सांगतो, आणि त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत अशी पुस्ती जोडतो. तो नावे देत नाही आणि त्या पाचशेंपैकी कुणाचेही लेखन आपल्या हाती नाही, त्यामुळे एवढ्याने दावा सिद्ध होत नाही. पण हयातीचा उल्लेख मुद्दाम केलेला आहे. जिवंत माणसाला प्रश्न विचारता येतो.

हिएरापोलिसचा पापियास दुसऱ्या शतकाच्या आरंभी हेच करू पाहत होता. वडीलधाऱ्यांच्या सहवासातले कुणी भेटले, की प्रेषित काय म्हणाले होते ते तो विचारून घेई. पुस्तकापेक्षा जिवंत आवाजाने आपला अधिक लाभ होतो, असे त्याचे मत. त्याचा ग्रंथ हरवला. उतारे उरले ते प्रामुख्याने चौथ्या शतकातल्या युसेबियसमुळे. पापियासने प्रेषित योहानाला प्रत्यक्ष ऐकले होते, असे इरेनेयसने लिहून ठेवले होते. युसेबियसने पापियासचीच प्रस्तावना पुढे ठेवून दाखवले, की प्रेषितांना आपण स्वतः ऐकले किंवा पाहिले असे तो कुठेच म्हणत नाही.