हृदयाचा ठोका, कॅल्शियम आणि शंभरांतले चार भारतीय

कॅल्शियम म्हटलं की आपल्याला हाडं आणि दात आठवतात. पण हृदयाचा प्रत्येक ठोकाही कॅल्शियमवरच चालतो. १८८३ मध्ये लंडनच्या सिडनी रिंगर यांच्या हे लक्षात आलं, तेही जवळजवळ योगायोगाने. नळाच्या पाण्यात केलेल्या क्षारद्रावणात बेडकाचं हृदय धडधडत राहायचं. शुद्ध पाणी घेतलं की थांबायचं. फरक नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमचा होता.

विजेचा संदेश आला की हृदयपेशीत थोडं कॅल्शियम शिरतं आणि आतल्या साठ्याचं दार उघडतं. बाहेर पडलेलं कॅल्शियम ट्रोपोनिन या प्रथिनाला चिकटतं. त्यामुळे अडसर बनलेलं ट्रोपोमायोसिन बाजूला सरकतं, मायोसिन अ‍ॅक्टिनला पकडून ओढतं आणि स्नायू आकुंचन पावतो. मग कॅल्शियम परत साठ्यात खेचलं जातं आणि हृदय सैल पडतं. हे सैल पडणंही महत्त्वाचं, कारण तेव्हाच त्यात रक्त भरतं.

या प्रथिनांच्या जनुकांत दोष असला तर हृदयाचा स्नायू जाड होऊ शकतो. त्याला हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी म्हणतात. साधारण ५०० माणसांत एकाला ती असते. बहुतेक वेळा आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आलेला दोषही पुरतो, म्हणून प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता ५० टक्के.

भारतातला महत्त्वाचा शोध हैदराबादच्या ‘सीसीएमबी’शी जोडलेला आहे. के. थंगराज आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं की सुमारे ४ टक्के भारतीयांच्या ‘एमवायबीपीसी३’ जनुकातली २५ अक्षरं गळालेली असतात. हे जनुक मायोसिनला लगाम घालणारं प्रथिन बनवतं. अशांना पुढे हृदय निकामी होण्याचा धोका जास्त दिसला. पण घाबरून जायचं कारण नाही: हा बदल असलेले सगळेच आजारी पडत नाहीत.

हिमायतनगरमध्ये पोलीस भरतीसाठी धावणाऱ्या मुलाला पळताना चक्कर आली, तर ‘उपाशी होता’ म्हणून सोडून देऊ नये. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल तर नक्कीच नाही. ईसीजी आणि टू-डी इको केल्यावर स्नायूची जाडी कळते. आजार निघालाच, तर आईवडील, भावंडं आणि मुलं यांचीही तपासणी करावी लागते. कॅल्शियमच्या गोळ्यांनी मात्र काही होत नाही. इथे कमतरता कॅल्शियमची नसतेच.